दुख्दैन म्हणणाऱ्यांकडे जाताना

नगर, रविवार, उपासनेनंतर

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. उत्तर मात्र लिहूनच देते. फोनवर बोलायला लागले की माझं पाल्हाळ होतं आणि मुद्दा राहून जातो.

नेपाळमधल्या पोखऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात तीन महिने फिजिओचं काम करायला चाललीस, याचा आनंद आहेच. स्त्रीमंडळाने तुझ्यासाठी दोन गाठोडी स्वेटर जमवलेत आणि तरुणसंघाने वर्गणी काढलीय, हेही कळलं. तू दोन गोष्टी विचारल्यास: सोबत काय नेऊ, आणि साक्ष कशी देऊ, म्हणजे प्रभूबद्दल कसं सांगू. दोन्ही सांगते, पण माझ्या क्रमाने.

आधी एक शब्द पाठ कर: दुख्दैन.

नेपाळी आपल्याला परकी वाटत नाही. लिपी तीच, ‘घाउ’ म्हणजे घाव, ‘दुख्छ’ म्हणजे दुखतं. मी तिकडच्या दवाखान्यात काम करायला गेले होते तेव्हा पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत ‘कहाँ दुख्छ?’ विचारत वॉर्डातून फिरले. ज्याला त्याला विचारावं, आणि ज्याने त्याने मान हलवून म्हणावं, ‘दुख्दैन’. दुखत नाही. एका म्हाताऱ्याच्या तळव्याला रुपया बसेल एवढं भोक होतं, आत हाड दिसत होतं. तोही हसून म्हणाला, दुख्दैन. विदर्भातल्या कुष्ठरोग दवाखान्यात अठरा वर्षं काढून गेलेली मी, तरी सवयीने तोच प्रश्न तोंडातून जात होता. बाकी कुठल्याही दवाखान्यात ‘दुखत नाही’ ही आनंदाची बातमी असते. आपल्या खात्यात तोच आजार असतो.

हे तुला कॉलेजात शिकवलंय, पण बहुधा एका तासात उरकलं असेल. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली जो जंतू दाखवला तो कातडीपेक्षा नसांचा वैरी. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्यामागे, जिथे नस हाडाजवळून जाते तिथे बोट फिरवून बघ. काहींची नस सुतळीसारखी जाड लागते. मग बोटं आखडतात, पाऊल लोंबतं, डोळा मिटत नाही. बोटं झडतात ती रोगाने नाही, हे तुला तिथे नातेवाइकांना हजारदा सांगावं लागेल. कळ लागत नाही म्हणून माणूस चुलीवरचं भांडं हाताने उचलतो, खिळा घुसलेल्या चपलेने दोन कोस चालतो. डोंगरात थंडीच्या दिवसांत माणसं आगटीला पाय लावून झोपतात. सकाळी उठून बघतात तो टाच भाजलेली. मी होते ते हिवाळ्याचे महिने, निम्मा वॉर्ड भाजलेल्यांचा होता.

औषध साधं आहे. १९८१ पासून दोन-तीन औषधांच्या गोळ्या एकत्र द्यायचा उपचार आहे, आता सहा महिने किंवा बारा महिने, रुग्णाला फुकट. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून कुणाला लागण व्हायचा प्रश्न राहत नाही. नेपाळने २०१० साली निर्मूलन जाहीर केलं, आपण त्याच्या पाच वर्षं आधी. निर्मूलन म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. रोग संपला असं नव्हे. आणि जंतू मेला तरी गेलेली नस परत येत नाही. तुझं काम तिथून पुढचं आहे.

ते काम म्हणजे बरंचसं पाय भिजवणं. हसू नकोस. साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं पाय बुडवायचे, कडा दगडाने घासून घट्टा पातळ करायचा, ओल्या पायालाच तेल लावायचं, आणि मग तळवा डोळ्यांनी नीट बघायचा. आरशात बघा, नातवाकडून बघून घ्या, पण रोज बघा. कारण जिथे जाणीव नाही तिथे डोळ्यांनीच पहारा करायचा. आमच्या ओसरीवर सकाळी पंधरा-वीस जणं रांगेत बादल्यांत पाय घालून बसत, गप्पा मारत, एकमेकांच्या फोडांवर शेरे मारत. शाळा भरल्यासारखं दृश्य.

तिथे एकदा कुठल्याशा लांबच्या देशातला एक जथा आला. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे आम्हीही धुणार, म्हणाले. टॉवेल आणले, तसराळी आणली, गुडघे टेकले, एक जण फोटो काढत होता. डोळ्यांत पाणीही होतं त्यांच्या, खोटं नाही म्हणत मी. पण ओसरीवरची माणसं अवघडून गेली. जे काम ती महिनोन्‌महिने झटून स्वतः करायला शिकत होती, ते कुणीतरी येऊन त्यांच्या हातातून काढून घेतलं. आमच्याकडची एक नेपाळी सिस्टर पुटपुटली, आता उद्यापासून हे म्हणतील, आमचे पाय ते पाहुणे धुतील. योहानाच्या तेराव्या अध्यायातला तो प्रसंग मला फार प्रिय आहे. पण कुष्ठरोग दवाखान्यात पाय धुण्याचं यश यात असतं की माणूस घरी जाऊन, तुझी आठवणही न काढता, आपले पाय आपण धुतो. त्या अध्यायात पेत्राला जड गेलं ते धुणं नव्हे, धुऊन घेणं. तुलाही तेच जड जाईल. त्यावर पुढे येते.

आता साक्ष.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानातल्या २६व्या कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे; परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. हा कायदा बरा की वाईट यावर माझं मत आहे, पण ते तिथे कामाचं नाही. तू पत्रकं वाटलीस, रुग्णाच्या खाटेशी बसून ‘येशूला मान’ म्हणालीस, तर तुझा प्रवास लवकर संपेल, कदाचित कैदही होईल. पण मागे निस्तरावं लागेल ते तिथल्या नेपाळी सिस्टरला, वॉर्डबॉयला, आणि ज्या आजीची ड्रेसिंग अर्धवट राहील तिला. दुसऱ्याच्या जिवावर शूर होणं याला मी साक्ष म्हणत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खाटेवर पडलेला माणूस तुला ‘नाही’ म्हणू शकतो का, हा प्रश्न उरतोच. त्याचं ड्रेसिंग तुझ्या हातात, त्याची चप्पल तुझ्या सहीवर. तो काहीही ऐकून घेईल. आपण नगरच्या ख्रिस्ती लोकांनी हे विसरू नये. अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथे १८३१ साली आली. पुढे दुष्काळ पडले, मिशनच्या आवारात लोकांना काम मिळालं, पोरांना भाकर मिळाली, आणि गावाने म्हटलं, पोटासाठी बाटले. माझ्या पणजोबांनी हे वाक्य ऐकलं, आजोबांनी ऐकलं, शाळेत मीही ऐकलं. माझ्या पणजोबांचा विश्वास खरा होता, पण तो खरा आहे हे सिद्ध करण्यात त्यांचा जन्म गेला. नेपाळमधल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या नातवंडांवर ते ओझं तुझ्यामुळे येऊ नये.

तिथल्या मिशन दवाखान्यांचा इतिहास मोठा मजेदार आहे, बसमध्ये आठव. राणा घराण्याची सत्ता १९५१ मध्ये गेली, तोपर्यंत परक्यांना देश जवळजवळ बंदच होता. मसुरीच्या शाळेतला रॉबर्ट फ्लेमिंग नावाचा अमेरिकन शिक्षक पक्ष्यांचा अभ्यास करायला डोंगरात शिरला. पुढच्या खेपेला बरोबर डॉक्टर होते. तानसेनमध्ये रुग्णांची रीघ लागली, गावकऱ्यांनी दवाखाना मागितला, आणि त्यातून १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ उभं राहिलं. पोखऱ्यात १९५२ साली पोचलेल्या लहानशा गटाने पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांत दवाखाना थाटला. तो उन्हात एवढा चमकायचा की नावच शायनिंग हॉस्पिटल पडलं. कुष्ठरोगाचे दोन मोठे दवाखाने, काठमांडूच्या दक्षिणेला लेलेचं आनंदबन आणि तुझ्या पोखऱ्याचं ग्रीन पास्चर्स, दोन्ही १९५७ चे. सरकारची अट पहिल्यापासून तीच होती: सेवा करा, धर्मांतर करू नका. गंमत अशी की तरीही मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, वाढली, आणि ती वाढवली नेपाळी माणसांनीच. दार्जिलिंग-कालिम्पोंगकडून परत आलेल्यांनी, तुरुंगात जाऊन आलेल्यांनी. पूर्ण नेपाळी बायबल १९१४ पासून आहे, दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांच्या कष्टाचं. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती पावणेदोन टक्के होते. नेपाळमध्ये देवाचं काम तुझ्यावाचून अडलेलं नाही. हे वाचून हिरमुसू नकोस. मला तर ते कळलं तेव्हा खांद्यावरचं पोतं उतरल्यासारखं झालं होतं.

मंडळीत मात्र जरूर जा. पण रविवारी नाही, शनिवारी. तिथली सुटी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर, बहुतेक ठिकाणी जमिनीवर बैठक, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. मादल, म्हणजे तिथला ढोलकीसारखा ताल, वाजायला लागला की आपल्या नगरच्या भजनी पेटी-तबल्याची आठवण येते आणि घशात आवंढा येतो. ‘सलाम’ म्हणू नकोस, हात जोडून ‘जयमसीह’ म्हण. २०१५ चा भूकंप २५ एप्रिलला झाला तो शनिवारी, बाराच्या आत. सुटी असल्याने शाळा रिकाम्या होत्या, पोरं वाचली. पण चर्च भरलेली होती, आणि काही ठिकाणी उपासना चालू असतानाच छप्पर खाली आलं. देशभरात जवळपास नऊ हजार माणसं गेली. शेजारी बसलेल्या बाईने त्या दिवशी कुणाला गमावलं हे तुला माहीत नसणार. म्हणून तुला ‘भारतबाट आएकी बहिनी’, भारतातून आलेली बहीण, म्हणून बोलायला उभं केलं, तर देवाच्या योजनेवर भाष्य करू नकोस. नगरच्या मंडळीचा नमस्कार सांग आणि बस.

आणि एक विषय कायमचा सोडून दे: कुष्ठरोगाची पापाला उपमा.

हे मी शहाणपणाने नाही, चुकून शिकले. विदर्भात असताना एका संध्याकाळी उपासनेत मी बोलले. विषय बायबलमधल्या नामानाचा, कुष्ठ जावं म्हणून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारणारा तो सेनापती. मी रंगात आले. पाप कसं कुष्ठासारखं नकळत पसरतं, माणूस कसा बधिर होतो, वगैरे. लोकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी चप्पल विभागात गेले. तिथला मुख्य कारागीर स्वतः बरा झालेला रुग्ण, मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला शिवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याने रापी बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाला, ‘बाई, काल तुमच्या प्रवचनात मी पाप होतो.’ मी काय उत्तर देणार? लेवीयच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत ज्याला कुष्ठ म्हटलंय ते कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही होतं. तो मूळ शब्द आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याच्यापुरता नाही, हे पंडितांनी कधीच सांगितलंय. पण वेदीवरून हे कोण सांगतो? तिथल्या समाजाला मागास म्हणायचा मोह झाला तर हेही आठव: आपल्या देशात ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, आणि ते निघालं २०१९ साली. २०१९. म्हणजे मी निवृत्त झाल्यावर.

आता गाठोड्यांचं. ती नेऊ नकोस. स्त्रीमंडळाला वाईट वाटेल, मी बोलते त्यांच्याशी. पोखऱ्यात स्वेटर मिळतात, आपल्यापेक्षा चांगले मिळतात. तरुणसंघाने जुने बूट गोळा केलेत असं ऐकलं, ते तर अजिबात नकोत. बधिर पायाला दुसऱ्याच्या मापाचा कडक बूट म्हणजे नवी जखम, पुन्हा सहा आठवडे खाटेवर. पैसे जमलेत ते सरळ दवाखान्याच्या खात्यात पाठवा, कशासाठी खर्चायचे ते त्यांना ठरवू द्या. चिठ्ठी लावू नका. रुग्णाला हात लावायला तिथल्या परिषदेची नोंदणी, परवानगी काय लागते ते निघायच्या आधी दवाखान्याकडून लेखी मागव. प्रार्थनेने सगळं होईल म्हणून कागद विसरणारी माणसं मी फार बघितली. तू ने शेंगदाण्याची चटणी, भरपूर, तिथल्या स्टाफसाठी. एक वही. टॉर्च. मी २००८ च्या दसऱ्यानंतर गेले, त्या हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास वीज नसायची; आता तसं नाही, पण डोंगरात टॉर्च लागतोच. केसपेपरवरची तारीख बघून चक्रावू नकोस, विक्रम संवत आहे, आपल्यापेक्षा छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे. मी पहिल्याच दिवशी ‘हा पेशंट २०६५ साली कसा दाखल झाला’ म्हणून हसं करून घेतलं.

आणि तिथे हुकूम सोडू नकोस. तुझ्याकडे डिग्री आहे. तिथल्या एखाद्या जुन्या टेक्निशियनकडे ती नसेल, पण पंचवीस वर्षांत त्याच्या बोटांनी हजारो नसा चाचपल्या आहेत. पहिले दोन आठवडे त्याच्या हाताखाली काम कर, बादल्या भर, त्याला दाइ, म्हणजे दादा, म्हण, आणि तो सांगेल तेव्हाच बोल. तराईतून, म्हणजे खालच्या सपाट भागातून, आलेले पेशंट मैथिली-भोजपुरी बोलतात, त्यांच्याशी हिंदीत जमेल. खाली धनुषा जिल्ह्यात लालगढचा दवाखाना आहे, तिथे तर बिहारमधून सीमा ओलांडून माणसं येतात. गावात कळू नये म्हणून लांबचा दवाखाना गाठतात. तू परदेशात सेवेला जाणार आणि परदेश आपल्या माणसाची सेवा आधीपासून करतोय, हे एकदा बघून ये.

आता ती गोष्ट, जी मी मंडळीत कधी सांगितली नाही.

आमच्या वॉर्डात एक आमा, म्हणजे आई, होती. साठीची असेल, नसेलही. दोन्ही हातांची बोटं अर्ध्यावर, चेहरा गोळ्यांनी काळवंडलेला, आवाज मात्र खणखणीत. तिहार आला, म्हणजे आपली दिवाळी. दवाखान्याच्या मागे रुग्णांनी स्वतः रांधायची एक चूल होती. तिथे बसून तिने सेलरोटी केली. तांदळाच्या पिठाचं कडबोळ्यासारखं मोठं गोल कडं, तुपा-तेलात तळलेलं. त्या हातांनी गोल कसा पाडला देव जाणे. मला म्हणाली, खानुस् न. खा ना.

मी घेतली नाही. रुग्णांकडून काही घ्यायचं नाही हा माझ्या जुन्या दवाखान्यातला नियम, तो माझ्या अंगात मुरलेला. गरीब बाई आहे, तिच्या तोंडचं का काढा, असंही मनात. मी हसून, हात जोडून, अगदी प्रेमाने नाही म्हटलं. पोट भरलंय, म्हटलं. तिने सेलरोटी परत पदराखाली ठेवली. ‘ठीक छ,’ म्हणाली. चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही. दुखलं असेल तर दिसलं नाही.

संध्याकाळी तीच पुटपुटणारी सिस्टर माझ्याकडे आली. ‘दिदी, उहाँको हातको कसैले खाँदैन.’ तिच्या हातचं कुणी खात नाही. नवऱ्याने नाही, सुनेने नाही, वीस वर्षं. तुम्ही तरी खाल असं तिला वाटलं होतं.

मी तशीच वॉर्डात गेले. ती निजली होती, किंवा निजल्याचं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती घरी गेली; भाऊबीज, भाइटीका म्हणतात तिथे, त्यासाठी तिचा भाऊ न्यायला आला होता. मला पाय भिजवणाऱ्यांच्या ओसरीवर कळलं. बादली होती, ती नव्हती. पुन्हा भेट नाही.

बाळ, मी तिच्या जखमा रोज धुतल्या होत्या, हातमोजे काढून तिच्या नसा तपासल्या होत्या. मला वाटायचं मी तिला अस्पृश्य मानत नाही. पण द्यायला मी हात पुढे केला होता. घ्यायची वेळ आली तेव्हा गावाने केलं तेच मी केलं, फक्त हसून केलं. त्यानंतर लूकच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मला वेगळी वाचता येते. आपण प्रवचनात बरे होऊनही उपकार मानायला न परतलेल्या नऊंना धरतो. पण परत आला तो कोण होता? शोमरोनी. प्रभूने त्याला परकाच म्हटलं. त्या गोष्टीत परक्याचं काम बरं करण्याचं नाही, पायाशी येऊन उपकार मानण्याचं आहे. नेपाळमध्ये परकी मी होते. आता तू असशील.

म्हणून जे कुणी देईल ते खा. सेलरोटी, संत्रं, गुंद्रुकाचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, आंबट रस्सा, तिखट मुळ्याचं लोणचं. पोट बिघडलं तर गोळी घे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुला काहीच वाटेनासं होईल. जखमेचा वास येणार नाही, गोष्टी ऐकून डोळे भरणार नाहीत, प्रार्थना कोरडी होईल. सगळ्यांचं होतं, पण कबूल कुणी करत नाही, कारण परत आल्यावर मंडळीला भरलेले डोळे हवे असतात. माझंही झालं. देव लांब गेला असं वाटलं नाही, काहीच वाटलं नाही, तीच तर अडचण. तेव्हा मी ओसरीवरचा नियमच वापरला: जिथे जाणवत नाही तिथे बघायचं. रात्री मेणबत्तीपाशी वही काढून त्या दिवशी ज्यांना हात लावला त्यांची नावं लिहायची, कुणाशी तुसडी बोलले ते लिहायचं. प्रार्थना म्हणून एवढंच. वही नेपाळीत-मराठीत मिसळून भरली. ती अजून माझ्याकडे आहे. कुणाला दाखवत नाही, तुलाही नाही दाखवणार.

परत आलीस की पडद्यावर फोटो दाखवायचा आग्रह होईल. चेहरे दाखवू नकोस. पेशंट हो म्हणाला तरी नको; तो हो म्हणतो ते तुझ्यासाठी. त्याच्या गावाला काठमांडूतून नाहीतर मुंबईतून, कुणाच्या तरी मोबाइलवरून, कळायला वेळ लागत नाही. किती जणांना फायदा झाला असं कुणी विचारलं तर आकडा नाही म्हणून सांग. पाळकसाहेब समजून घेतील. कोशाध्यक्ष नाही घेणार. त्यांच्याशीही मी बोलते.

गाडी गोरखपूरला पोचली की फोन कर. तिथून सोनौलीची बस दिवसाउजेडी पकड, रात्री नको. बरोबर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र ठेव, व्हिसा लागत नाही. सीमा ओलांडलीस की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे कर. मोबाइल आपोआप करतो, मनगटावरचं विसरतं. पुढे बुटवलहून वर चढणारा रस्ता पोखऱ्याला जातो, वाटेत तानसेन लागतं, खिडकीची जागा मिळाली तर बघ. आणि पोखऱ्यात ओसरीवर एखादी खणखणीत आवाजाची म्हातारी दिसली तर ती माझी आमा नसेल, एवढ्या वर्षांत शक्यच नाही. तरी तिला विचार, खाना खानुभयो? जेवलात का? तिथे हाच नमस्कार आहे. ती उलट तुला विचारेल. पोट भरलंय असं म्हणू नकोस.

तुझी,
बाई